शवविच्छेदनाची जुनी चित्रं बघायची कशी? सुरुवात टेबलावरच्या माणसापासून

डच चित्रकार रेम्ब्रांटचं ते चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलंच असेल. काळे कपडे, पांढऱ्या कॉलरी, टोकदार दाढ्या असलेले सात-आठ जण दाटीवाटीने उभे आहेत, मधे एक पांढराफटक मृतदेह आहे आणि हॅट घातलेला एक माणूस चिमट्याने त्या देहाच्या हातातलं काहीतरी उचलून दाखवतोय. मेडिकल कॉलेजच्या भिंतीवर, पुस्तकाच्या कव्हरवर, डॉक्टरांच्या केबिनमध्ये हे चित्र सर्रास असतं आणि आपण दोन सेकंद बघून पुढे जातो. एकतर नकोसं वाटतं, नाहीतर "जुनं युरोपियन पेंटिंग आहे काहीतरी" म्हणून सोडून देतो.

अशी चित्रं युरोपात शेकडो वर्षं काढली जात होती आणि ती वाचायची एक पद्धत आहे, त्यासाठी मेडिकलचं किंवा आर्टचं शिक्षण लागत नाही. मी इथे ती पद्धत पायरी पायरीने सांगतोय. माझा एकच आग्रह आहे, प्रत्येक चित्रात पहिला प्रश्न टेबलावरच्या माणसाबद्दल विचारायचा. हा कोण, इथे कसा आला आणि त्याला कुणी विचारलं होतं का? उभ्या असलेल्या लोकांची नावं बहुतेक वेळा कुठेतरी लिहिलेली असतात, आडव्या माणसाचं नाव शोधावं लागतं, आणि ते शोधायला लागलं की चित्र उलगडत जातं.

आधी थोडी तयारी

मोबाईलवर बघू नका, निदान पहिल्यांदा तरी लॅपटॉप किंवा टॅब घ्या. इमेज शक्यतो म्युझियमच्या स्वतःच्याच साईटवरून उघडा. रेम्ब्रांटचं हे चित्र, म्हणजे 'डॉ. निकोलास तुल्प यांचा शरीररचनेचा धडा' (हॅटवाला तो तुल्प), नेदरलँड्समधल्या हेग शहरात मॉरिट्सहाउस म्युझियममध्ये आहे. लिओनार्दो दा विंचीची शरीराची ड्रॉइंग्ज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहेत आणि वैद्यकाशी संबंधित जुन्या प्रिंट्ससाठी लंडनचं वेलकम कलेक्शन एकदम मस्त आहे. इकडून तिकडून फॉरवर्ड होत आलेल्या इमेजचे रंग बदललेले असतात, कडा कापलेल्या असतात, आणि जुन्या चित्रांवरून केलेल्या छापील कॉप्या तर कित्येकदा उलट्या असतात, कारण प्लेटवर सरळ कोरलेलं कागदावर उलटं उमटतं. या चित्रांमध्ये डावा हात की उजवा हात याला महत्त्व असतं, त्यामुळे हे आधी तपासा.

एका वहीत चार गोष्टी लिहून घ्या, वर्ष, शहर, कुणी काढून घेतलं आणि साईज. साईज का, तर तुल्पचं चित्र साधारण १७० बाय २१७ सेंटिमीटर आहे, म्हणजे त्यातली माणसं जवळजवळ आपल्याएवढी दिसतात. स्क्रीनवर ते कळत नाही, म्हणून आकडा समोर ठेवायचा आणि घरातल्या भिंतीवर तेवढी जागा नजरेने मोजायची.

आणि हो, घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर हा विषय थोडे दिवस बाजूला ठेवा. चित्रं कुठे पळून जात नाहीत.

पायरी १: समोर नक्की काय चाललंय ते ठरवा

देह कापलेला दिसला की लोक सगळ्याला शवविच्छेदनच म्हणतात, आणि घोळ तिथेच सुरू होतो. अमेरिकन चित्रकार थॉमस ईकिन्सचं १८७५ चं 'द ग्रॉस क्लिनिक' घ्या. फिलाडेल्फियाचे डॉ. सॅम्युअल ग्रॉस हातात स्काल्पेल घेऊन उभे आहेत, बोटांना रक्त लागलंय, मागे अंधारात विद्यार्थी बसलेत. पण हे ऑपरेशन आहे, पेशंट जिवंत आहे! ओळखायचं कशावरून, तर एकजण पेशंटच्या तोंडावर कापड धरून क्लोरोफॉर्म देतोय आणि एक बाई, बहुधा पेशंटची आई, तोंड झाकून घेतेय. मेलेल्याला भूल कोण देईल? १८७६ च्या फिलाडेल्फियातल्या मोठ्या प्रदर्शनात कलादालनाने हे चित्र नाकारलं आणि मग ते तिथल्याच आर्मी हॉस्पिटलच्या दालनात लावलं गेलं.

तेव्हा भूल, रक्त आणि नातेवाईक दिसले तर ऑपरेशन समजा. शांत पडलेला, फिकट, रक्त न वाहणारा देह असेल तर विच्छेदन. आणि माणूस कातडी सोललेल्या अवस्थेत स्वतःच्या पायावर उभा राहून पोझ देत असेल तर ते शिकवण्यासाठी काढलेलं चित्र आहे, त्याबद्दल पुढे बोलू.

पायरी २: टेबलावर कोण आहे ते शोधा

आता तुल्पच्या चित्राकडे परत या आणि बाकी सगळ्यांना विसरा. टेबलावरच्या माणसाचं नाव आरिस किंट. लायडन गावचा, म्हणजे रेम्ब्रांटच्याच गावचा. मारहाण करून एकाचा कोट चोरला म्हणून १६३२ च्या जानेवारीत ॲमस्टरडॅममध्ये त्याला फाशी दिलं गेलं आणि देह सर्जन लोकांच्या गिल्डला, म्हणजे त्यांच्या संघटनेला, देण्यात आला. गिल्डला वर्षातून एक सार्वजनिक विच्छेदन करायची परवानगी असायची, तेही फाशी दिलेल्या गुन्हेगाराचं, आणि थंडीत, कारण तेव्हा देह टिकवायचं साधन नव्हतं. तिकीट काढून लोक बघायला यायचे.

रेम्ब्रांट तेव्हा पंचविशीतला पोरगा होता. त्याने प्रकाश कुणावर टाकलाय बघा. सगळ्यात उजळ भाग आरिस किंटची छाती आहे, तुल्प नाही! चेहऱ्यावर मात्र वरून सावली उतरलीय, अर्धा चेहरा त्या सावलीत आहे. त्या काळच्या इतर चित्रांमध्ये मृतदेहाचा चेहरा झाकलेला किंवा कुणाच्या तरी आड गेलेला सापडतो, इथे तो आपल्यासमोर आहे. मला विचाराल तर या चित्रातली खरी हिंमत हीच आहे.

आता डावीकडच्या एका सर्जनच्या हातातला कागद झूम करा. त्यावर नावं लिहिलेली दिसतील. ती नंतर कुणीतरी घातलेली आहेत, मुळात त्या कागदावर शरीररचनेचं ड्रॉइंग होतं. यादीत सगळे सर्जन आहेत, आरिस किंट नाही.

पायरी ३: हात बघा, चाकू कुणाकडे आहे?

ही पायरी समजायला थोडं मागे जावं लागेल. बोलोन्याच्या मोन्दीनो या प्राध्यापकाने १३१६ च्या सुमारास विच्छेदनाचं हातपुस्तक लिहिलं आणि पुढे दोनशे वर्षं ते चाललं. १४९३ च्या आसपास व्हेनिसमध्ये छापलेल्या 'फाशिकुलो दि मेदिचिना' या पुस्तकात विच्छेदनाचं एक लाकडी ठशाचं चित्र आहे, ते जरूर शोधा. प्राध्यापक वर उंच आसनावर बसलाय, खाली एकजण वाकून देह कापतोय आणि तिसरा हातातल्या काठीने काय कुठे आहे ते दाखवतोय. म्हणजे ज्ञान वर, काम खाली. पुस्तकात लिहिलेलं वाचून दाखवायचं आणि देहाने त्याला होकार द्यायचा, असा सगळा मामला, आणि देहात काही वेगळं दिसलं तरी वर बसलेल्याला ते दिसणार कसं?

नंतर शरीररचनेचा अभ्यासक वेसालियस याचं १५४३ चं 'फाब्रिका' हे पुस्तक उघडा. बाझेलमध्ये छापलेलं, वेसालियस तेव्हा २८ वर्षांचा. पहिल्याच पानावर तुडुंब गर्दीचं चित्र आहे आणि मधोमध वेसालियस स्वतः खाली उतरून देहापाशी उभा आहे, हात थेट देहावर. वरचं आसन गायब! तिथे आता काठी धरून उभा असलेला सापळा आहे. पूर्वी कापायचं काम करणारे न्हावी-सर्जन टेबलाखाली बसून वस्तऱ्यांवरून भांडतायत. एका बाजूला माकड, दुसऱ्या बाजूला कुत्रा, कारण जुने ग्रीक-रोमन वैद्य प्राणी कापून माणसाबद्दल लिहायचे आणि वेसालियसचा सगळा वाद त्याच्याशीच होता. एका पानात अख्खा जाहीरनामा आहे हा. १५५५ च्या दुसऱ्या आवृत्तीत हेच चित्र नव्याने कोरलं तेव्हा सापळ्याच्या हातात काठीऐवजी विळा आला, दोन्ही पानं शेजारी ठेवून बघायला मजा येते.

आता तुल्पचे हात. उजव्या हातातल्या चिमट्याने त्याने किंटच्या डाव्या हाताचे, कोपराच्या खालचे स्नायू उचलून धरलेत, आणि स्वतःचा डावा हात वर करून बोटं वाकवून दाखवतोय. का, ते स्वतः करून बघा. तुमचा हात तळवा वर करून टेबलावर ठेवा, दुसऱ्या हाताने कोपराखालचा मांसल भाग धरा आणि बोटं हळूहळू मिटा. आत काहीतरी सरकताना जाणवतं ना? बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटात नसतातच, ते वर कोपराखालच्या भागात असतात आणि लांब दोऱ्यांसारख्या टेंडनने बोटं ओढतात. तुल्पने पकडलेला स्नायू बोटाचं मधलं पेर वाकवतो. एका हातात मेलेल्याचा स्नायू आणि दुसऱ्या हातात त्याच स्नायूचं जिवंत काम, एवढं रेम्ब्रांटने एका क्षणात पकडलंय. वेसालियसनेही आपल्या पुस्तकातल्या पोर्ट्रेटमध्ये सोललेला हातच धरलेला आहे, तेव्हा तुल्पचा इशारा त्या काळच्या जाणकारांना लगेच कळला असणार.

पायरी ४: क्रम बरोबर आहे का?

विच्छेदन कुठून सुरू करायचं हे ठरलेलं होतं. आधी पोट, कारण आतडी सगळ्यात आधी सडतात, मग छाती, मग डोकं, हातपाय शेवटी. डेल्फ्टमध्ये फान मिरेव्हेल्टने १६१७ साली काढलेल्या चित्रात पोटच उघडलेलं आहे. आणि तुल्पच्या टेबलावर? पोट अख्खं, छाती अख्खी आणि हात मात्र सोललेला. प्रत्यक्षात असं झालं असण्याची शक्यता फार कमी. शिवाय हत्यारं घेऊन कापाकापी करणारा मदतनीसही कुठे दिसत नाही.

म्हणजे हा फोटो नाही, मांडणी आहे. गिल्डला विद्वान दिसायचं होतं, कसाई नाही, म्हणून पोट टाळून हात निवडला. कुठल्याही विच्छेदनाच्या चित्रात हा प्रश्न विचारा, इथे जे दाखवलंय ते त्या क्रमाने खरंच झालं असतं का? जिथे उत्तर नाही येतं तिथे चित्रकाराने किंवा पैसे देणाऱ्याने काहीतरी ठरवलेलं असतं.

पायरी ५: नजरांच्या रेषा काढा

प्रिंट काढा किंवा टॅबवर इमेजवरच पेनने प्रत्येकाच्या डोळ्यापासून तो जिथे बघतोय तिथपर्यंत रेघ ओढा. तुल्पच्या चित्रात काही रेघा त्याच्या वर केलेल्या हाताकडे जातात, काही उजव्या कोपऱ्यात देहाच्या पायाशी उघडून ठेवलेल्या जाड पुस्तकाकडे, काही सरळ तुमच्याकडे. किंटच्या चेहऱ्याकडे कुणी बघत नाही. पाच मिनिटांचं काम आहे, पण एकदा केलं की ते चित्र पूर्वीसारखं दिसत नाही.

पायरी ६: पैसे कुणी दिले?

इथे पटकन सांगतो. ॲमस्टरडॅमच्या सर्जन गिल्डला आपल्या हॉलमध्ये लावायला ग्रुप पोर्ट्रेट हवी असायची आणि चित्रात दिसणारा प्रत्येकजण सहसा आपापला वाटा द्यायचा. या मालिकेतलं सुरुवातीचं चित्र आर्त पीटर्सचं, डॉ. सेबास्टियन एग्बर्ट्स यांच्या धड्याचं, १६०१ ला सुरू झालं आणि मधे प्लेग आल्यामुळे १६०३ ला पुरं झालं. त्यात २९ जण ओळीने उभे आहेत, जवळपास सगळे आपल्याकडे बघतायत. प्रत्येकाने पैसे दिलेत तर प्रत्येकाचा चेहरा दिसायला हवा, साधी गोष्ट आहे. लग्नातला स्टेजवरचा फॅमिली फोटोच म्हणा ना. हे चित्र आणि रेम्ब्रांटचं चित्र शेजारी ठेवा, तीस वर्षांत काय बदललं ते वेगळं सांगावं लागणार नाही.

यान फान नेकने १६८३ मध्ये काढलेलं डॉ. फ्रेडरिक रॉइश यांचं चित्रही याच मालिकेतलं. त्यात टेबलावर तान्हं बाळ आहे आणि रॉइशचा लहान मुलगा हातात बाळाचा सापळा धरून उभा आहे. मला हे चित्र फार वेळ बघवत नाही, पण टाळूही नका.

पायरी ७: उरलेला तुकडा वाचायला शिका

रेम्ब्रांटने १६५६ मध्ये याच गिल्डसाठी दुसरं चित्र काढलं, डॉ. डेमान यांच्या धड्याचं. १७२३ च्या आगीत ते बरंचसं जळालं आणि आता फक्त मधला तुकडा उरलाय, ॲमस्टरडॅमच्या शहर म्युझियमच्या मालकीचा. टेबलावरचा माणूस योरिस फोंटेन, शिंपी होता, चोरीच्या गुन्ह्यात फाशी गेलेला. तो पाय आपल्याकडे करून पडलाय, पोट रिकामं केलेलं आहे (इथे क्रम पाळलाय बघा) आणि आता मेंदूचं काम चालू आहे. मिलानमधल्या मांतेन्याच्या मृत ख्रिस्ताच्या चित्रात देह असाच तळव्यांकडून दिसतो, दोन्ही समोरासमोर ठेवून बघाच. शेजारी उभा असलेला सहायक कवटीची टोपी वाटीसारखी हातात धरून उभा आहे.

आगीत काय गेलं बघा, डॉ. डेमानचं डोकं गेलं. त्यांचे फक्त हात उरलेत, मेंदूवर काम करणारे. आणि योरिस फोंटेनचा चेहरा पूर्ण शाबूत आहे. मूळ मांडणी कशी होती हे रेम्ब्रांटच्याच एका छोट्या स्केचवरून कळतं, त्यामुळे असा अर्धवट तुकडा समोर आला तर आधी त्याचं स्केच किंवा जुनी कॉपी शोधायची सवय लावा.

पायरी ८: पुस्तकातली चित्रं वेगळ्या पद्धतीने बघा

भिंतीवरची चित्रं पैसेवाल्यांची, पुस्तकातली शिकणाऱ्यांची. 'फाब्रिका'मधले स्नायू-पुरुष एकेक पान उलटत बघा, प्रत्येक पानावर माणसाचा एकेक थर कमी होत जातो, आधी ताठ उभा असतो, मग खचत जातो आणि नंतर तर दोरीने टांगलेला दिसतो. मागचे डोंगर आणि गावं एकाला एक जोडली की सलग देखावा तयार होतो, तो पादुआच्या परिसरातला मानतात. प्रकरणांच्या सुरुवातीची मोठी सजवलेली अक्षरंही सोडू नका, त्यात गुटगुटीत बाळं थडग्यातून प्रेत चोरतायत, देह कापतायत. मुख्य पानावर जे दाखवता येत नव्हतं ते अक्षरांच्या आड मांडलेलं आहे.

लिओनार्दो याच्या आधीचा. १५०७-०८ च्या हिवाळ्यात फ्लोरेन्सच्या सांता मारिया नुओवा हॉस्पिटलमध्ये त्याने शंभरी गाठलेल्या एका म्हाताऱ्याशी गप्पा मारल्या, काही तासांनी तो शांतपणे गेला आणि मग मरण इतकं शांत कसं आलं हे शोधायला लिओनार्दोने त्याचंच विच्छेदन केलं. मरणाऱ्याशी आधी बोललेला कलाकार असा विरळाच. त्याचं गर्भाशयातल्या बाळाचं ड्रॉइंग जगप्रसिद्ध आहे, पण त्यातली वार गायीच्या वारेसारखी आहे, कारण ते ज्ञान त्याला प्राण्यांकडून मिळालेलं होतं. सुंदर ड्रॉइंगमध्येही चूक शोधायची, ही पण एक पायरीच समजा.

पायरी ९: देह बाईचा असेल तर जास्त सावध व्हा

'फाब्रिका'च्या पहिल्या पानावरचा देह बाईचा आहे. फाशी टळावी म्हणून तिने गरोदर असल्याचं सांगितलं होतं असं वेसालियसने लिहून ठेवलंय. चारी बाजूंनी पुरुषांची झुंबड आणि मधे उघडं पोट. फ्लोरेन्सच्या ला स्पेकोला म्युझियममध्ये, जे १७७५ पासून लोकांसाठी खुलं झालं, मेणाच्या प्रतिमा घडवणाऱ्या सुसिनीच्या कार्यशाळेतली मेणाची स्त्री आहे, गळ्यात मोत्यांची माळ, खरे केस, आणि पोटाचं झाकण उघडलं की आतले अवयव एकेक काढता येतात. १८६९ मध्ये गाब्रिएल फॉन माक्सने आणि १८९० मध्ये एन्रिके सिमोनेतने एकट्या डॉक्टरासमोर तरुण सुंदर मुलीचा देह रंगवला. कौशल्य अफाट आहे, नाकारत नाही, पण इथे विज्ञान मागे पडून बघण्याची हौस पुढे आलीय असं माझं स्पष्ट मत आहे. स्वतः ठरवायचं असेल तर विचारा, देह पुरुषाचा असता तर चित्रकाराने तो इतका सजवला असता का?

पायरी १०: त्या सालचा कायदा शोधा

ही पायरी लोक सोडतात आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. इंग्लिश चित्रकार होगार्थच्या १७५१ च्या 'क्रौर्याच्या चार पायऱ्या' या मालिकेतली शेवटची प्रिंट बघा. खुनी टॉम नीरो टेबलावर, गळ्यात अजून फास, खाली कुत्रा त्याचं काळीज खातोय, कढईत हाडं उकळतायत. आणि प्रमुख सर्जन पुन्हा उंच खुर्चीवर बसून लांब काठीने दाखवतोय, म्हणजे व्हेनिसच्या पुस्तकातली जुनी मांडणी परत आली! पुढच्याच वर्षी, १७५२ ला, ब्रिटनमध्ये कायदा लागू झाला की फाशी दिलेल्या खुन्याचं थेट दफन करायचं नाही, विच्छेदन करायचं किंवा साखळ्यांनी टांगायचं. विच्छेदन ही शिक्षा झाली. पण कॉलेजं वाढली, फाशीचे देह पुरेनात, थडगी उकरली जायला लागली, आणि १८२८ मध्ये एडिनबरात बर्क आणि हेअर यांनी तर देह विकण्यासाठी माणसं मारली. मग १८३२ च्या कायद्याने बेवारस देह, म्हणजे मुख्यतः गरिबांच्या आश्रमात मेलेले लोक, कॉलेजांना मिळायला लागले. गुन्हेगाराच्या जागी गरीब आला.

आपल्याकडे १९४९ चा मुंबईचा ॲनाटॉमी कायदा आहे, त्यातही बेवारस देह मेडिकल कॉलेजला देण्याची तरतूद आहे. आज देहदानाचा फॉर्म भरून जाणारे लोक आहेत, ते स्वतः होकार देऊन टेबलावर जातात. हा फरक डोक्यात ठेवून परत जुनी चित्रं बघा.

सराव कसा करायचा

एका बैठकीत एकच चित्र घ्या, निदान अर्धा तास. पहिली दहा मिनिटं काहीही वाचू नका, फक्त देह, हात आणि नजरा एवढंच वहीत उतरवा, ड्रॉइंग येत नसेल तर गोल आणि रेघा चालतील. नंतर वर्ष आणि शहर बघून कायदा आणि पैसे देणारा शोधा. शेवटी वरच्या बाजूला देहाचं नाव लिहा, मिळालं नाही तर जागा रिकामी ठेवा, कधीतरी सापडतं.

क्रम असा घ्या: व्हेनिसचा ठसा, 'फाब्रिका'चं पहिलं पान, आर्त पीटर्स, तुल्प, डेमान, होगार्थ, ईकिन्स. ईकिन्सपाशी आलात की त्याचंच १८८९ चं 'द ॲग्न्यू क्लिनिक' पण लगेच उघडा. चौदा वर्षांत काळे कोट जाऊन पांढरे आले, नर्स आली, प्रकाश वाढला. ग्रॉसच्या चित्रात घाबरून तोंड झाकणारी बाई होती तिथे आता स्थिर उभी राहून काम करणारी बाई आहे, तिचं नाव मेरी क्लायमर, वहीत लिहून ठेवा.